अकरावीचा पहिला आठवडा

रविवार, रात्री साडेदहा

उद्या कॉलेज. सॅक तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. दादा म्हणतो आता दप्तर म्हणायचं नाही, सॅक म्हणायचं. दोन लाँग बुक, कंपास पेटी, पाण्याची बाटली, अॅडमिशनच्या पावतीची झेरॉक्स. कंपास पेटी दहावीचीच आहे. आई म्हणाली नवी घेऊ, मी नको म्हणाले. बोर्डाच्या सगळ्या पेपरांना ती माझ्यासोबत होती. उद्याही असू दे.

निकाल मे महिन्यात लागला. तेव्हापासून घरात एकच विषय: फॉर्मचा भाग एक, भाग दोन, दहा कॉलेजांचे पसंतीक्रम, पहिली यादी, कट-ऑफ. पप्पा फवारणीवरून आले की हात धुवायच्या आधी विचारायचे, "लागली का गं यादी?" शेवटी नाव लागलं ते माझ्या दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजात. सायन्स. आजीने देवापुढे साखर ठेवली आणि मग मलाच विचारलं, सायन्स म्हणजे डॉक्टर का? मी म्हटलं, बघू.

खरं तर मला डॉक्टर व्हायचं नाही. मला काय व्हायचंय ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही. दरवर्षी पप्पा आमच्या द्राक्षबागेतल्या पानांचे देठ पिशवीत घालून तपासणीला देतात. आठवड्याने रिपोर्ट येतो. नत्र किती, पालाश किती, मॅग्नेशिअम कमी की जास्त. रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि सातवीपासून तो मीच वाचून दाखवते. शब्द वाचता येतात, पण त्या आकड्यांचा झाडाशी संबंध काय, ते मला कळत नाही. ते कळायला हवं. आपल्या मखमलाबादमध्येच देठ परीक्षणाची प्रयोगशाळा असावी आणि ती मी चालवावी, असं मला वाटतं. झालं लिहून.

भीती एकाच गोष्टीची आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत मी पूर्ण मराठी माध्यमात शिकले. सेमीसुद्धा नाही. आणि अकरावी सायन्स सगळं इंग्रजीत.

सोमवार

निमाणीला बस बदलावी लागते. पहिली सिटीलिंक वेळेत आली, दुसरी खचाखच भरलेली. पाऊस होता. होळकर पुलावर बस थांबत थांबत चालली होती आणि सगळे एका बाजूला वाकून खाली बघत होते. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरी लाल झालीय. मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, "दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं पाणी. कमरेला लागलं की मग खरं." दुतोंड्या मारुती म्हणजे गोदावरीच्या पात्रातली उंच मूर्ती. आमच्या घरीही पूर तिच्यावरूनच मोजतात. गुडघा, कंबर, छाती. नाशिकच्या माणसाला दुसरं माप लागत नाही.

वर्ग केवढा मोठा! शाळेत आम्ही चाळीस होतो, सगळ्यांची घरं सगळ्यांना माहीत. इथे मागच्या बाकावरून फळा लांब दिसतो. एकाच क्लासला जाणारी मुलं एकत्र बसलेली, त्यांची आधीची ओळख. मी तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसले. शेजारी एक मुलगी आली, सुरगाण्याकडची, इथे वसतिगृहात राहते. तिनेही कंपास पेटी आणली होती. आमच्या दोघींच्याच बाकावर कंपास पेट्या होत्या.

पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाला उभं राहून इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितली. मी रात्री पाठ केलं होतं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडील शेती करतात हे सांगितलं. तेवढ्यात सरांनी विचारलं, "व्हाय सायन्स?" हे पाठ केलेल्यात नव्हतं. उत्तर होतं माझ्याकडे, काल रात्रीच तर लिहिलं होतं. पण ते सगळं मराठीत होतं आणि तोंडापर्यंत येताना अडकलं. देठाला काय म्हणतात तेच मला माहीत नव्हतं. मी नुसती उभी राहिले. सर "ओके, सिट" म्हणाले. ते रागावले नाहीत, कुणी हसलंही नाही. तरी कान तापले ते पुढचे दोन तास तापलेलेच होते.

फिजिक्सचा पहिला धडा युनिट्स अँड मेझरमेंट्स. सर बोलत होते आणि मी फक्त शब्द लिहून घेत होते, कानाला आले तसे.

घरी आल्यावर आईने विचारलं, कसं होतं? चांगलं होतं म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गरम भाकरी वाढली.

मंगळवार

आज शेजारणीने माझ्या वहीत वाकून हळूच विचारलं, "मोमेंटम म्हणजे आपलं काय?" मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं तुला येत असेल, तू भराभरा लिहीत होतीस." आम्ही दोघी काही वेळ गप्प बसलो.

रात्री माळ्यावरून नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं काढली. आई ती रद्दीत देणार होती, बरं झालं दिली नाहीत. मोमेंटम कुठे सापडतंय म्हणून पानं चाळत होते आणि लक्षात आलं, हे शब्द इथे आहेतच. प्रत्येक नव्या शब्दापुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेला आहे. दोन वर्षं तो डोळ्यांसमोर होता आणि आम्ही कधी वाचला नाही. सरही वाचायला लावत नव्हते, परीक्षेत येत नाही म्हणून. संवेग, मोमेंटम. त्वरण, अॅक्सिलरेशन. अपवर्तन, रिफ्रॅक्शन. संयुजा, व्हॅलन्सी. तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया! तंतुकणिका मला आकृतीसकट येते. बोर्डात जशीच्या तशी काढली होती.

दोनशे पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. साडेअकरापर्यंत एकशे बारा शब्द झाले. लिहिताना शाळेतले मराठीचे सर आठवत होते. दर २७ फेब्रुवारीला ते सांगायचे की कुसुमाग्रज आपल्या नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकले आणि त्या काळी कॉलेजचं शिक्षण इंग्रजीतूनच असायचं. तेव्हा मी ते भाषण म्हणून ऐकायचे. आज त्यांचा अभ्यास डोळ्यांपुढे आला. त्यांच्याही वहीत मधोमध रेघ असेल का?

बुधवार

वही शेजारणीला दाखवली. तिने दोन तासांत निम्मी उतरवून घेतली आणि वनस्पतींच्या अकरा शब्दांची भर घातली. झाडं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. बाकी दिवस पावसाचा. लायब्ररीचं कार्ड मिळालं.

घरी रेडिओवर धरणाचा विसर्ग सांगत होते, इतके हजार क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. सरांनी एका मापाचं दुसऱ्या मापात रूपांतर करायची गणितं दिलीच होती, म्हणून हेही करून बघितलं. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. मग एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार ३०० लिटर. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो. एका सेकंदात जवळजवळ तीन टँकर! पप्पांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. "परत सांग," म्हणाले. परत सांगितलं.

गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवायचंय, एकही गोष्ट सुटता कामा नये.

केमिस्ट्रीचा तास. मॅडम द्रावणाबद्दल बोलत होत्या. पुस्तकातलं बोलता बोलता त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि म्हणाल्या, यात विरघळलेले क्षार किती ते पीपीएममध्ये मोजतात. पार्ट्स पर मिलियन. पीपीएम हा शब्द आधी कुणी ऐकलाय का?

वर्ग शांत. मला वाटलं क्लासवाल्या मुलांपैकी कुणीतरी बोलेल. माझा हात वर गेला तो मी केला असं म्हणवत नाही, तो गेला.

"हां, तिसऱ्या रांगेतली. कुठे ऐकलंस?"

"मॅडम, द्राक्षाला जीए मारतात. दहा पीपीएम."

हे मराठीत बोलून गेले आणि मग घाबरले. पण मॅडमनीही मराठीतच विचारलं, "दहा पीपीएमचं द्रावण कसं करतात?"

हे मला येतं. आठवीपासून मी पप्पांच्या शेजारी उभी राहून काटा बघते. ऑक्टोबर छाटणी झाली, घड दिसायला लागले की जीएची पुडी कपाटातून निघते. जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, घडाची लांबी वाढवायला मारतात. पांढरी पावडर, मिठापेक्षा बारीक. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पप्पांनी त्यासाठी घेतलाय. पंखा बंद करायचा, दार लावायचं, कारण फुंकरीनेही आकडा हलतो.

"शंभर लिटर पाण्याला एक ग्रॅम," मी म्हटलं.

मॅडम फळ्याकडे वळल्या. एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम. भागिले शंभर लिटर. लिटरला दहा मिलिग्रॅम. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. दहा लाखांत दहा. टेन पार्ट्स पर मिलियन. खडू ठेवून त्या म्हणाल्या, "बरोबर आहे."

मी इतकी वर्षं शंभराला एक हे पाढ्यासारखं पाठ केलं होतं. ते दहा लाखांतले दहा कसे, हे आज फळ्यावर बघितलं.

मग त्यांनी विचारलं, पावडर सरळ पाण्यात टाकता का? मी म्हटलं नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. सरळ टाकली तर नीट विरघळत नाही. का? ते नाही माहीत, म्हटलं. मॅडम सगळ्या वर्गाकडे बघून म्हणाल्या, "पदार्थ कशात विरघळतो आणि कशात नाही, त्यामागे कारण असतं. ते आपण शिकणार आहोत. हिच्या घरी ते दरवर्षी करतात." आणि पुढे इंग्रजीत शिकवायला लागल्या. आज मला त्यातलं निम्म्याहून जास्त कळलं. सोल्युट, सॉल्व्हंट, सोल्युशन. पावडर, पाणी आणि टाकीतलं औषध.

शेजारणीने बाकाखालून माझा हात दाबला.

तास संपल्यावर मॅडमनी बोलावलं. मला वाटलं मराठीत बोलले म्हणून. त्यांनी विचारलं, सायन्स का घेतलंस? सोमवारचाच प्रश्न, यावेळी मराठीत. मी सगळं सांगितलं. देठ, रिपोर्ट, मखमलाबाद, प्रयोगशाळा. बोलताना आवाज कापत होता, पण थांबले नाही. देठाला इंग्रजीत पेटिओल म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, माहीत आहे का, असंही विचारलं. मी म्हटलं पप्पांकडून नाव ऐकलंय. तिथे काम करणारे लोक केमिस्ट्री, बायोलॉजी शिकूनच तिथे जातात, म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तुमच्याकडे फवारणीची नोंद ठेवत असतील तर ती वही एक दिवस घेऊन ये. वर्गाला त्यातली गणितं घालू.

बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. पुलावर पाणी ओसरलेलं दिसलं. मी पूर्ण रस्ता पेटिओल, पेटिओल म्हणत आले.

शनिवार

काल कंटाळवाणा दिवस, ओळखपत्राच्या फोटोसाठी रांगेत गेला. आज गणिताच्या तासाला काहीच कळलं नाही, अगदी काहीच. सर फार वेगाने जातात आणि इथे माझी वही कामाला येत नाही, कारण अडतं ते शब्दांपाशी नाही. सोमवारी विचारायचं. विचारायला जायचंय या विचाराने आताच पोटात गोळा येतो, पण जायचं.

रविवार

सकाळी पप्पांबरोबर बागेत गेले. एप्रिलच्या छाटणीनंतरच्या काड्या आता तांबूस व्हायला लागल्यात. पप्पा एकेक काडी बोटाने वाकवून बघत होते. मला एक डोळा दाखवला, हरभऱ्याएवढा, आणि म्हणाले, पुढच्या वर्षीचा घड यात उन्हाळ्यातच तयार झालाय, छाटणीनंतर बाहेर येईल. हे ते दरवर्षी सांगतात. मी विचारलं, डोळ्याला इंग्रजीत काय म्हणतात माहितीये का? बड. त्यांनी एकदा म्हणून बघितलं, "बड."

मग वहीचं विचारलं. कॉलेजच्या मॅडमना फवारणीची वही बघायचीय म्हटलं. त्यांना पटेना. "माझी वही? तिच्यात काय बघायचं? सगळी डागाळलेली, अक्षर हे असं." मी म्हटलं, त्यातली गणितं वर्गाला घालणार आहेत. ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी बघते तर ओट्यावर बसून ओल्या फडक्याने वहीचं कव्हर पुसत होते. निळ्या डागावर दोनदा, तीनदा. डाग गेला नाही. मग आतून खताच्या गोणीतली कोरी प्लास्टिकची पिशवी आणली, वही तिच्यात घातली, तोंड दुमडून रबर लावलं आणि माझ्या सॅकमध्ये, कंपास पेटीच्या शेजारी, उभी ठेवली. "पाऊस आहे," म्हणाले. "भिजू देऊ नको."