परसातलं तळं: पाडवा ते श्रावण, पंप आणि फिल्टरची नोंद

पाडव्यानंतर फिल्टरची जी नवी मांडणी करायला घेतली होती ती आता चांगली बसली आहे, म्हणून आकड्यांसकट लिहून ठेवतो. तळं साधारण 4000 लिटरचं, सिंहगड रोडला घरामागे, अर्धं आंब्याच्या सावलीत. कोई आणि गोल्डफिश.

आधी पंप. खोक्यावर ताशी 6000 लिटर लिहिलंय, पण ते शून्य उंचीचं. फिल्टरच्या ड्रमच्या तोंडापर्यंत दीड मीटर चढवल्यावर खरं पाणी किती येतं, ते मोजूनच कळतं. 20 लिटरची बादली घ्यायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. जुन्या पाऊण इंची नळीतून बादली भरायला 24 सेकंद लागायचे, म्हणजे ताशी 3000 लिटर. पंप तोच ठेवून नळी सव्वा इंची केली, काटकोनी एल्बो काढून 45 अंशांचे बसवले. आता 18 सेकंद, म्हणजे ताशी 4000. अख्खं तळं तासाला एकदा फिल्टरमधून फिरतं. मोठा पंप घ्यायचा विचार करणाऱ्यांनी आधी नळी बदलून बघावी, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. 40 वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला 29 युनिटच्या आसपास जातात. मोठा पंप घेतला की ते बिल कायमचं मागे लागतं.

फिल्टरसाठी जुन्या बाजारातून 200 लिटरचे दोन निळे ड्रम आणले. खाण्याच्या मालाचेच घ्या, रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. पहिला ड्रम फक्त गाळाचा. पाणी कडेने शिरून गोल फिरतं, गाळ तळाशी बसतो, उरलेला ब्रशला अडकतो; खालचा व्हॉल्व्ह उघडला की सगळं कर्दळीला. दुसऱ्यात के-1 ची चाकं (जीवाणूंना चिकटून वाढायला कप्पे असलेली प्लास्टिकची छोटी चाकं), खालून एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड. दोन्ही कामं एकाच ड्रममध्ये करू नयेत असं माझं ठाम मत आहे. गाळ कुजताना ऑक्सिजन खातो, आणि माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना तोच ऑक्सिजन लागतो.

चाकं सुरुवातीला पांढरीशुभ्र, नुसती वर तरंगत होती. जीवाणू यावेत म्हणून मित्राच्या जुन्या फिल्टरची मॅट त्यात पिळली. आधी अमोनिया वर गेला, मग तो उतरता उतरता नायट्राइट चढलं. तेवढ्या काळात खाणं निम्म्यावर आणलं आणि दर 1000 लिटरला एक किलो मीठ घातलं, कारण क्लोराइडमुळे नायट्राइट माशांच्या कल्ल्यांतून कमी शिरतं. वैशाखात दोन्ही शून्यावर. आता चाक हातात घेतलं तर बाहेरून घासून स्वच्छ, आतल्या कप्प्यांत मात्र पातळ तपकिरी, बुळबुळीत थर. तो जीवाणूंचाच, धुवायचा नाही. गाळाचा ड्रम धुतानाही नळाचं पाणी चाकांपर्यंत जाऊ देत नाही, क्लोरीनने सगळं मरेल. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. त्या पाण्यावर तळं भरत नाही, आणि एरवीही क्लोरीन मारणारा हायपो घातल्याशिवाय नाही.

खरी परीक्षा पावसाने घेतली. धरणाचं पाणी मुळात हलकं, त्यात पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच. शिवाय हे जीवाणू काम करताना पाण्यातले क्षार खातात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात ग्रॅमच्या वर. मे महिन्यात केएच (पीएच सावरून धरणाऱ्या या क्षारांचं माप) 5 होता, आषाढ सरता सरता 2 वर आला, आणि अमोनियाच्या चाचणीची नळी पिवळ्याऐवजी हिरवट दिसायला लागली. क्षार कमी पडून जीवाणू मंदावले आणि अमोनिया परत आला होता. मासे मात्र मजेत. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे: पीएच खाली असतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, तेव्हा बहुतेक अमोनिया कमी विषारी रूपात असतो. अशा वेळी घाईने सोडा ओतला तर पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून आधी एक चतुर्थांश पाणी बदललं, मग खाण्याचा सोडा. 1000 लिटरला 30 ग्रॅम टाकला की केएच साधारण 1 ने वाढतो, म्हणजे माझ्या तळ्याला 120 ग्रॅम. बादलीत विरघळवून, दिवसातून एवढाच. श्रावण लागेपर्यंत 5 वर आणला, अमोनिया गेला. आता जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचे तुकडे दुसऱ्या ड्रममध्ये टांगलेत आणि पत्र्याची पन्हळ तळ्यापासून वळवली आहे.

वीज जाण्याचा बंदोबस्तही झाला. पंप इन्व्हर्टरवर घेतला नाही, 6 वॉटचा एअर पंप घेतला. पाणी थांबलं तरी चाकांना हवा मिळत राहते. एक स्टोन तळ्यातही सोडलाय, कारण पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. तळ्याच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. पाण्यात हात घालणाऱ्या प्रत्येकाने तो बसवलाच पाहिजे.

राहिलं नायट्रेट, ते 40 च्या आसपास आहे. झाडांनी ते शोषावं म्हणून ऑक्टोबर हीटच्या आधी फिल्टरमधून तळ्यात परतणाऱ्या पाण्यावर खडीचा वाफा करून त्यात वाळा आणि कर्दळ लावतोय. खडी आणून टाकली आहे. कुणी वाळा थेट पाण्यावर वाढवला असेल तर मुळं किती खोल जातात ते कळवा, त्यावर वाफ्याची खोली ठरवायची आहे.