जागलीच्या रात्री ऐकलेली वीज

रानडुकरांपासून हरभरा राखण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतात हिवाळाभर जागल करावी लागते आणि याच रात्री मी वातावरणातील नैसर्गिक रेडिओ-गोंगाट मोजतो. मीटरभर लांबीरुंदीच्या लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून केलेला अँटेना, लहानसा अँप्लिफायर आणि लॅपटॉपचे साउंड कार्ड एवढीच सामग्री पुरते, कारण या गोंगाटाच्या, मुख्यतः ३ ते ३० किलोहर्ट्झच्या, पट्ट्यातील बराच भाग साउंड कार्ड थेट नोंदवू शकते.

खरा अडथळा विजेच्या तारांचा आहे. ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतील सूर सगळे झाकून टाकतात. म्हणून चौकट हळूहळू फिरवून तो आवाज सर्वांत क्षीण होईल ती दिशा शोधावी लागते. रोहित्रावरील पुरवठा खंडित झाला, की मात्र कान एकदम मोकळे होतात.

मग निरभ्र आकाशाखालीही तडतड ऐकू येते. ती हजारो किलोमीटर दूर कोसळलेल्या विजांच्या रेडिओ लहरींची असते, कारण जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित कणांचा थर) यांच्यामधून या लहरी फारशा क्षीण न होता प्रवास करतात. रात्री काही ठोक्यांना पक्ष्याच्या शिळेसारखे शेपूट फुटते, ते सुमारे १.७ किलोहर्ट्झपाशी रेंगाळून विरते. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेच्या दुपटीने भागले, की लहरी परत फिरवणाऱ्या आयनांबराच्या थराची उंची मिळते: सुमारे ८८ किलोमीटर.

काकांनी हेडफोन कानाला लावून विचारले, “हा कायचा आवाज व्हय रे?” मी त्यांना आलेखावरचे ते शेपूट दाखवले.