पद्मिनीच्या स्टीअरिंग कॉलमचे सुटे भाग

माझ्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचे स्टीअरिंग धरून वर-खाली हलवले की खडखडत असे, आणि गिअरचा दांडाही स्टीअरिंगच्या कॉलमवरच (आतला फिरणारा दांडा म्हणजे शाफ्ट, आणि त्याभोवतीची नळी) असल्याने तोही जागेवर बसत नसे. प्रथम मी स्टीअरिंग बॉक्सला, म्हणजे शाफ्टचे फिरणे चाकांकडे पोहोचवणाऱ्या पेटीला, दोष दिला. वास्तविक, न फिरवता केवळ वर-खाली हलवल्यावर जाणवणारा ढिलेपणा बहुधा कॉलमच्या बुशचा, म्हणजे शाफ्ट आणि नळी यांच्यामधल्या कड्याचा, असतो. स्टीअरिंग थोडे फिरवूनही पुढची चाके हलत नसतील, तर मात्र बॉक्स आणि टाय रॉडची (चाके वळवणाऱ्या दांड्यांची) टोके तपासावी लागतात.

या गाडीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला असल्याने नाशिकमधील दुकानांत ‘फियाटचे सामान’ (पद्मिनीला लोक फियाटच म्हणतात) म्हटले की दुकानदार आधी हसतात. मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात अखेर एक संपूर्ण कॉलम मिळाला, परंतु त्याच्या शाफ्टवरील खाचा झिजलेल्या होत्या. स्टीअरिंग ज्या खाचांवर बसते त्या झिजल्या असतील, तर तो शाफ्ट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि त्यावर वेल्डिंग करून वेळ मारून नेण्याचा विचार तर मुळीच करू नये.

माझा मूळ शाफ्ट सुदैवाने सरळ होता. व्हर्नियरने मापे घेऊन अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लेथवाल्या काकांकडून फॉस्फर ब्रॉन्झ या मिश्रधातूचा बुश करून घेतला. “मुलाला आणलंस, पण आईला विसरलास,” असे म्हणून, म्हणजे शाफ्ट आणला पण नळी नाही म्हणून, त्यांनी आधी मला बाहेरची नळी आणायला परत पाठवले होते, कारण बुशचा बाहेरचा व्यास तिच्यावरूनच ठरतो. गिअरच्या दांड्याचे बुश अजून बाकी आहेत.