इम्पीरियल हॉटेल : टोकियोत पाडलेले, इनुयामात उरलेले

नागोयाहून मेइतेत्सुच्या गाडीने इनुयामा आणि तिथून बस असा प्रवास करून मी मेइजी-मुरा या खुल्या वास्तुसंग्रहालयात पोहोचलो, ते टोकियोतल्या इम्पीरियल हॉटेलसाठी. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकी वास्तुविशारदाच्या त्या भव्य इमारतीपैकी इथे केवळ प्रवेशदालन आणि त्यासमोरचे पाण्याचे कुंड उभारलेले आहे.

आत शिरताना छत इतके ठेंगणे, की थोडे पुढे गेल्यावर अचानक तीन मजली उंचीचे दालन उघडते तेव्हा मान आपोआप वर होते. जाळीदार टेराकोटाचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे, खांब आतल्या दिव्यांनी उजळलेले असतात आणि पिवळसर विटांच्या अंगावर बारीक रेघा ओढलेल्या दिसतात. हॉटेलसाठी या विटा तोकोनामेला, म्हणजे याच आइची प्रांतात, भाजल्या गेल्या होत्या.

उद्घाटनाच्या दिवशीच, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतोचा महाभूकंप झाला. हॉटेलला ओरखडाही उठला नाही ही दंतकथा आहे. मधला भाग खचला होता, पण इमारत उभी राहिली, हे खरे. पायाच्या रचनेचे पुष्कळ कौतुक होते, मात्र भूकंपानंतरच्या आगींनी टोकियो बेचिराख केले हे ध्यानात घेता, माझ्या मते, आग विझवायला कामी आलेल्या या कुंडाचे श्रेय मोठे आहे. राइट १९२२ मध्येच परतल्यावर काम तडीस नेणाऱ्या त्यांच्या जपानी सहकारी वास्तुविशारद एन्दो अराता यांचे नावही आदराने घेतले पाहिजे.

पुढे मऊ जमिनीत इमारत असमान खचत राहिली, महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात तिचे नुकसान झाले आणि टोकियोच्या मध्यवर्ती हिबिया भागासारख्या मोक्याच्या जागी मोजक्याच खोल्यांचे हॉटेल परवडेना. देशोदेशींच्या विरोधाला न जुमानता १९६७ मध्ये ते बंद करून पाडण्यात आले. पाडलेले भाग इथे आणून दालनाचे बाह्यरूप १९७६ पर्यंत उभे राहिले आणि आतील भाग १९८५ मध्ये खुला झाला. मूळ इमारतीत वापरलेला ओया हा मऊ ज्वालामुखीजन्य दगड ठिसूळ झाल्याने अनेक ठिकाणी काँक्रीटचे साचेबंद तुकडे बसवावे लागले. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण त्याविना ही उंची अनुभवताच आली नसती. भोजनगृह आणि नाट्यगृह मात्र कायमचे गेले, याची हळहळ वाटते.

हिबियातल्या आजच्या हॉटेलमधील 'ओल्ड इम्पीरियल बार'मध्ये राइटच्या काळातले काही मूळ टेराकोटा अजून जपलेले आहेत. तेही हॉटेल पाडून नव्याने बांधायचे ठरले असल्याने, टोकियोला जाणाऱ्यांनी ते लवकर पाहून घ्यावे.