कच्चं खायचं की शिजवून?

शनिवार, रात्री उशिरा

भाची सुट्टीला आली आहे, म्हणून कपाटातलं ‘बोन’ खाली काढलं. जेफ स्मिथची ही चित्रकादंबरी 1991 ते 2004 या काळात 55 अंकांमधून आली. माझ्याकडे आहे ती सगळे अंक एकत्र बांधलेली, तेराशेच्या वर पानांची, कृष्णधवल प्रत. पोटावर ठेवून वाचली तर श्वास लागतो. म्हणून आम्ही जमिनीवर पालथे पडून वाचतो. मी मराठीत सांगतो, ती चित्रांवर बोट ठेवून मला थांबवते.

गोष्ट अशी: बोनव्हिल गावातून हाकलून दिलेला फोनी बोन आणि त्याचे दोन चुलतभाऊ, फोन बोन आणि स्मायली, एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात. तिघंही पांढरे, टकले, नाकाळू. त्या खोऱ्यात उंदीरराक्षस आहेत. केसाळ धूड, जबडाभर सुळे. पहिल्यांदा दिसले तेव्हा भाची माझ्या दंडाला चिकटली. पान उलटलं आणि हसायला लागली, कारण त्यातल्या दोघांचं भांडण जुंपलं होतं. शिकार समोर उभी आहे आणि हे वाद घालतायत. एकाला ती कच्ची हवी, दुसऱ्याला कीशमध्ये घालून. कीश म्हणजे अंडी-दुधाचं सारण भरून भाजलेला फ्रेंच प्रकार. राक्षसाला असली नाजूक आवड असावी यातच निम्मा विनोद आहे. उरलेला निम्मा त्यांच्या बोलण्याच्या सुरात आहे. आज रात्री भाजी कुठली यावरून आमच्या घरी होतं तसलंच, रोजचं, कंटाळलेलं भांडण. या दोघांना अख्ख्या पुस्तकात नावंसुद्धा नाहीत, तरी गोष्टीतल्या राजकन्येपेक्षा तेच जास्त लक्षात राहतात.

मला आज पुन्हा जाणवलं ते स्मिथचं वेळेचं भान. फोन बोन जीव घेऊन पळतो आणि कड्यावरच्या एका काटकुळ्या फांदीला लोंबकळतो. मनाशी म्हणतो, या असल्या फांदीवर माझ्यामागून यायचं म्हणजे ते राक्षस चांगलेच मूर्ख असायला हवेत. पुढच्या चौकटीत दोघंही फांदीवर. बस, एवढंच. खोऱ्यात हिवाळा येतो तोही असाच. हळूहळू भुरभुरत नाही. एका चौकटीत कोरडी जमीन, दुसरीत आभाळातून सगळा बर्फ एकदम धप्पकन. भाचीने ते पान चार-पाचदा मागे-पुढे करून पाहिलं. सिनेमात हा विनोद दिग्दर्शकाच्या घड्याळावर चालला असता. इथे चौकट कधी ओलांडायची ते तिच्या हातात आहे.

स्कोलॅस्टिकने 2005 पासून रंगीत आवृत्ती आणली, स्टीव्ह हमाकरने रंगवलेली. ती जगभरच्या शाळकरी पोरांपर्यंत पोचली, चांगलंच झालं. भाचीलाही तीच हवी आहे. मी मात्र काळ्या-पांढऱ्याच्या बाजूचा. त्यात बर्फ म्हणजे नुसता कोरा कागद, आणि राक्षसांची लव म्हणजे कुंचल्याचे भराभर मारलेले काळे फटकारे. (ती म्हणते, “मामा, तुला जुनं तेच आवडतं.” असेल बुवा.) सुरुवातीचे अंक स्मिथने स्वतःच छापले. त्या प्रकाशनाचा व्यवहार त्याची पत्नी विजया अय्यर सांभाळायची. नाव वाचून भाची खूश.

अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या 2013च्या यादीत, सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांत हे दहावं होतं. कारणं: राजकीय मत, वंशवाद, हिंसा. हिंसा आहे, कबूल. पुढे गोष्ट काळवंडत जाते, युद्ध येतं, उंदीरराक्षसांचा राजा किंगडॉक तर अजिबात विनोदी नाही. बाकीच्या दोन गोष्टी कुणाला कुठल्या पानावर सापडल्या, देव जाणे.

मला वाटतं, हसवलं म्हणून भीती कमी करायची नाही, हे स्मिथने शेवटपर्यंत पाळलं. भांडणारे दोघं खरोखर माणसं खाणारेच आहेत. आणि त्याच जमातीचं एक पिल्लू, बार्टलबी, स्मायली लपवून पाळतो. आता भाचीचा सगळा जीव त्या पिल्लात. त्याचं शेवटी काय होतं म्हणून दिवसभर मागे लागली होती. मी दाद दिली नाही.

तेव्हा सूड म्हणून तिने चित्रकलेच्या वहीत स्वतःचं कॉमिक सुरू केलं. पहिली चौकट: दोन केसाळ राक्षस, मधे चष्मेवाला मामा. दुसरी: एक म्हणतो कच्चाच खाऊ, दुसरा म्हणतो नको, भरल्या वांग्यासारखा रस्सा करू. तिसऱ्या चौकटीत मामा गायब, आणि दाण्याचं कूट घालायचं की नाही यावरून दोघांचं जोरात चालू आहे.