एकादशीच्या दिवशी वाइन टूर

नाशिकमध्ये खासगी वाइन टूर करणाऱ्या माणसाला फोनवर ठरलेले प्रश्न येतात. किती वायनरी दाखवणार, टेस्टिंगचे पैसे धरून की वेगळे, आणि जेवायला नॉनव्हेज कुठे चांगलं. पुण्याच्या त्या मुलीने मात्र वेगळंच विचारलं, "सोबत माझे वडील आहेत. माळकरी आहेत. चालेल ना?"

म्हटलं, चालेल की. फिरायला कुणाला बंदी आहे?

फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं, तर त्या दिवशी माघ शुद्ध एकादशी. म्हणजे पंढरपुरात माघी वारी आणि इकडे आमची वायनरी. परत फोन करून सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, "त्यांना माहितीये. आषाढी-कार्तिकी ते चुकवत नाहीत, माघीला यंदा गुडघ्यामुळे जायचं नाहीये. आणि द्राक्षं बघायला मिळतील म्हटल्यावर स्वतःहून तयार झालेत."

माझं शिक्षण कृषी पदवीचं. काही वर्षं एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काढली, आता स्वतःची गाडी आहे, पिवळ्या पाटीची. लोक मला घेतात त्याचं पहिलं कारण साधं असतं: प्यायल्यावर गाडी कुणी चालवायची हा प्रश्न उरत नाही. दुसरं कारण दिवसभरात कळत जातं. ग्रुपच्या बसला वेळापत्रक असतं, माझ्या गाडीला पाहुण्याच्या मर्जीप्रमाणे वळता येतं. त्या दिवशी ती कुणाच्या मर्जीने वळेल, याचा अंदाज मला सकाळी गंगापूर रोडवरच्या हॉटेलखाली आला. लेक आणि जावई मागे बसले. तिचे वडील, म्हणजे तात्या, पुढे. पांढरा पायजमा-शर्ट, टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि मांडीवर पिशवी: केळी, शेंगदाण्याचे लाडू, पाण्याची बाटली. सोमेश्वर यायच्या आत त्यांनी गाडीचं अ‍ॅव्हरेज, हप्ता आणि वर्षातले रिकामे दिवस एवढं सगळं माझ्याकडून काढून घेतलं होतं.

गाव तासगाव तालुक्यात. चार एकर बाग, माल बहुतेक बेदाण्याला. ज्या तालुक्यात वसंतराव आरवे यांनी तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात काढली, तिथला माणूस. हे ऐकल्यावर माझ्या पोटात जरा गोळा आला, कारण माझं रोजचं भाषण अशा माणसापुढे चालत नाही.

ते भाषण असं असतं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, तिथे वर्षातून एकच मोठी छाटणी. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी. म्हणून तिकडे द्राक्षं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तोडतात आणि आपल्याकडे जानेवारी ते मार्च. यावर मुंबईचे पाहुणे "अच्छा!" म्हणतात आणि मला बरं वाटतं. तात्यांना हे सांगायला गेलो असतो, तर त्यांनी छाटणीनंतर कितव्या दिवशी कुठला फवारा, तेही सांगितलं असतं.

पहिला मुक्काम गंगापूर धरणाकडची सुला. इथे तिचे संस्थापक राजीव सामंत यांची गोष्ट सांगावीच लागते: अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला माणूस, नव्वदच्या दशकात घरच्या जमिनीवर लावलेली वाइनची द्राक्षं, 2000 साली बाजारात आलेली पहिली वाइन. जावईबापूंना गोष्ट आवडली, त्यांनी व्हिडिओही केला. तात्या तोवर कडेच्या ओळीत शिरले होते. शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षाचा, घड तळहातावर घेऊन उभे.

"पावनं, मणी हरभऱ्यागत हाय ह्यो. जीएत बुडवत न्हाईत काय ह्ये लोक?"

खायच्या द्राक्षाला मणी लांब, मोठा लागतो, म्हणून घड जीएच्या, म्हणजे जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या, द्रावणात बुडवतात. वाइनला उलटं. मणी बारीक असला की रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, तुरटपणा, वासाचा बराचसा भाग सालीत. मी त्यांना एक काळा मणी चिमटीत पिळायला लावला. रस पांढरट निघाला. तो सालींसकट टाकीत आंबवला की रेड, काही तासांत साली वेगळ्या केल्या की रोझे.

तात्यांनी बोटं टोपीला पुसायला नेली आणि पायजम्याला पुसली. "म्हंजे सालीचा धंदा हाय ह्यो."

इतकी वर्षं मी हे चार वाक्यांत सांगत होतो.

मग हिशेब सुरू झाला. एकरी किती? म्हटलं, चांगल्या मालासाठी पाच-सहा टनांवर जाऊ देत नाहीत. त्यांच्याकडे खायच्या द्राक्षाला दहा-बारा टन सहज. दावण्या, भुरी ही रोगराई इथेही तीच, पण विरळणीचे आणि बुडवणीचे मजूर वाचतात. तात्या पुटपुटत बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. सेलरमध्ये गाइडने 225 लिटरचं फ्रेंच ओकचं पिंप दाखवलं, तेव्हा त्यांनी पिंपाची किंमत विचारली, ते किती वर्षं चालतं ते विचारलं आणि जुनं झाल्यावर कोण घेतं तेही विचारलं. ग्रुपमधल्या इतरांना घोटाची घाई होती. फेब्रुवारीतला रविवार, गर्दी मरणाची. मी आम्हाला बाहेर काढलं. पाहुण्यांना आधी मोठी वायनरी दाखवावी आणि मग छोटी, हा माझा शिरस्ता आहे. मोठ्या ठिकाणी झगमगाट असतो, छोट्या ठिकाणी बोलायला माणूस भेटतो.

दिंडोरीच्या रस्त्याला लागल्यावर तात्या आपणहून बोलले. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला अबकारी सवलत दिली, नाशकात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. त्या लाटेत त्यांच्या चुलतभावाने करारावर दोन एकर वाइनची द्राक्षं लावली. 2008 नंतर मंदी आली, बाटल्या पडून राहिल्या, माल उचलायला गाडी आली नाही. खायच्या बाजारात त्या बारक्या, बियांच्या द्राक्षाला कोण विचारतो? बेदाण्यालाही चालेना. भावाने मांडवाचे तारा-अँगल ठेवले आणि वेल मुळासकट काढले. नाशिक जिल्ह्यातही तेव्हा हे पुष्कळांनी केलं. ते मी पाहिलं आहे. मागे लेक गप्प झाली होती. बहुधा तिला हे माहीत नव्हतं.

दुसरी वायनरी छोटी. नाव घेत नाही, का ते पुढे कळेल. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाच्या आत ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत शिराझचे क्रेट, बाजूला चाळिशीचा शेतकरी आणि हातात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, घेतलेला एक पोरगा. आवाज चढलेले. करारात साखर 23 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पोरगा म्हणत होता 21.4. म्हणजे किलोमागे कपात. शेतकऱ्याचं म्हणणं, काल बागेत 23 भरली होती.

असं काही चाललं की मी पाहुण्यांना हळूच टेस्टिंग रूमकडे वळवतो. माणसं पैसे देऊन मजा करायला आलेली असतात, भांडण बघायला नाही. मी वळवलंही. लेक-जावई आले, तात्या आले नाहीत.

ते पोराच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बघत राहिले. पोरगा वरच्या क्रेटमधल्या घडाच्या टोकाचा मणी तोडायचा, काचेवर पिळायचा, उजेडाकडे धरून बघायचा, मग बादलीत बुडवलेल्या फडक्याने काच पुसायचा आणि पुढचा मणी. तात्यांनी तसे तीन-चार मणी होऊ दिले.

"पोरा, फडकं वलं हाय तुजं."

पोरगा थांबला. मीही. काचेवर पाण्याचा थेंब राहिला की रस पातळ होतो आणि आकडा खाली येतो, हे पुस्तकात मी शिकलो होतो. पण दहा पावलांवर उभा असून ते मला दिसलं नव्हतं. तात्यांनी पुढे सांगितलं की घडाच्या टोकाचा मणी सगळ्यात मागनं पिकतो, खांद्याचा आधी. नुसती टोकं मोजलीस तर आकडा खालीच येणार. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. कोरडं सुती फडकं मागवलं. आधी साध्या पाण्याचा थेंब टाकून शून्य बघायला लावलं. मग ट्रॉलीच्या पुढून, मधून, मागून, वरच्या-खालच्या क्रेटमधून घड काढले, प्रत्येकाचे खांद्याचे, मधले आणि टोकाचे मणी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिरडले, पिशवीचा कोपरा कापला आणि त्या एकत्र रसाचा थेंब काचेवर घेतला. बेदाण्याच्या शेडवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो. साखर कमी असलेला माल रॅकवर टाकला, तर मालकच बुडतो.

22.6.

"तेवीस न्हाई हां," तात्या शेतकऱ्याकडे वळून म्हणाले. "तुझंबी चुकलंच. पण दीड काय कमी न्हाई."

एव्हाना वाइनमेकर बाहेर आला होता. तरुण मुलगा, हातात बूट-पुसणीसारखा टॉवेल, दोन रात्रींची झोप राहिलेला चेहरा. सीझनमध्ये तोड भल्या पहाटे चालते, माल थंड यावा म्हणून, आणि प्रेस रात्री उशिरापर्यंत. मला वाटलं, आता हा चिडेल आणि आमचं टेस्टिंग गेलं. तो चिडला नाही. पोराला म्हणाला, उद्यापासून असंच घे. मग तात्यांना म्हणाला, "काका, माझं नुसत्या साखरेवर भागत नाही. आंबटपणा आणि पीएच लॅबमध्ये बघतो. आणि हे बघा." त्याने एक मणी फोडून बी काढलं, दातांखाली धरलं. बी तपकिरी असून कडकन तुटलं तर माल तयार, हिरवट आणि कडू लागलं तर अजून थांबा.

तात्यांनी बी चावलं. थांबले. दुसऱ्या घडातलं चावलं. सगळं आयुष्य बिनबियांच्या द्राक्षात गेलेलं. ही परीक्षा त्यांना नवी होती आणि त्याचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. त्यानंतर अर्धा तास ते ट्रॉलीशी उभे राहून निरनिराळ्या क्रेटमधल्या बिया चावत होते आणि वाइनमेकर त्यांच्याबरोबर. एकादशीला द्राक्षं चालतात, तेव्हा उपासाचाही प्रश्न नव्हता.

शेतकऱ्याची कपात शेवटी किती झाली, ते मला कळलं नाही. लॅबचा आकडा यायचा होता. ट्रॅक्टर मात्र रिकामा झाला.

टेस्टिंगच्या टेबलावर लेकीने ग्लास त्यांच्यासमोर धरला. "तात्या, वासाने उपास मोडतो का?" मोडत नाही, असा निवाडा त्यांनी दिला आणि सॉव्हिन्यो ब्लांक या व्हाइट वाइनवर नाक धरून म्हणाले, "ढबू मिरची. कच्ची." टेस्टिंगवाली मुलगी चमकली. या द्राक्षाच्या वाइनला तो वास येतो खरा, पण बहुतेक पाहुणे तो समोरच्या कार्डावर वाचून सांगतात. पुढच्या दोन ग्लासांत मात्र तात्यांना नुसता "दवाखान्याचा वास" आला, आणि त्यांनी नाद सोडला.

जावईबापूंनी शिराझची एक बाटली घेतली, नऊशेच्या आसपासची. तात्यांनी बाटली उलटसुलट केली.

"ह्यात द्राक्ष किती?"

"सव्वा किलो धरा," वाइनमेकर म्हणाला.

"पन्नासचा भाव धरला तरी साठ-पासष्ट रुपयं. मग बाकीचे कुटं गेले?"

वाइनमेकर हसत हसत मोजू लागला: काच, बूच, लेबल, बाहेरून आणलेलं पिंप, विजेचं बिल, दीड-दोन वर्षं अडकलेला पैसा, कर, वितरक, दुकानदार. तात्यांनी प्रत्येक खर्चाला मान डोलावली, पण दुकानदाराच्या टक्केवारीवर अडले ते अडलेच. बेदाण्याच्या सौद्यातली अडत आणि हे, यात त्यांना फरक दिसेना. मलाही नीट सांगता आला नाही.

निघायला उशीर झाला होता. ठरल्याप्रमाणे सूर्यास्ताला गंगापूरच्या बॅकवॉटरवर जायचं, ग्लास हातात धरून फोटो काढायचा आणि तिथून हॉटेल. फाटकाबाहेर तो ट्रॅक्टरवाला शेतकरी थांबला होता. तात्या काच खाली करून बोलले, मग दार उघडून उतरले, मग दोघे बांधावर जाऊन बसले. बोलणं बेदाण्याची द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या प्रमाणावर पोचलं होतं. सीझनच्या शेवटी उरलेल्या थॉमसन जातीच्या बिनबियांच्या द्राक्षाचा घरच्या घरी बेदाणा करता येईल का, हा त्याचा प्रश्न. तात्यांनी शेडचं माप काडीने मातीत काढून दाखवलं. किती थर, दोन थरांत किती अंतर, वारा कुठल्या बाजूने.

मागे जावईबापूंनी घड्याळाकडे दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा मला दाखवलं. मी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "बसू द्या."

बॅकवॉटरचा फोटो राहिला. हॉटेलखाली पैसे देताना जावई थोडे अडखळले, एक ठिकाण कमी झालं म्हणून. तात्यांनी पिशवीतला उरलेला लाडू माझ्या हातात ठेवला आणि जावयाला म्हणाले, "पुरं द्या त्यास्नी. गाडी दिवसभर थांबलीय." पुरे दिले.