अण्णा घरी, मी वाटेवर: मायलोमा आणि आषाढीची वारी

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, कर्करोग. बहुतेकांचा तो मुळापासून जात नाही. औषधांनी दबतो, काही काळाने डोकं वर काढतो, मग औषध बदलावं लागतं. माझे अण्णा पंचाहत्तरीच्या पुढचे, उभी हयात माउलींच्या सोहळ्यात टाळ वाजवलेले. आता तो टाळ माझ्या गळ्यात आहे. घरात असा आजार असताना वारीला निघावं का? माझ्या मते निघावं. मात्र कोण काय सांभाळणार हे आळंदी सोडण्याआधी कागदावर उतरलेलं हवं.

अण्णांचं चक्र 28 दिवसांचं आहे. लेनालिडोमाइडची कॅप्सूल 21 दिवस रोज, मग 7 दिवस सुट्टी. बोर्टेझोमिबचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. त्याच सकाळी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. म्हणजे माझ्या पाठीमागे दोन-तीन इंजेक्शनं येणारच. प्रत्येक तारखेपुढे सोबत कोण, गाडी कोणाची, आदल्या दिवशी रक्त द्यायला कोण नेणार, अशी नावं लिहायची. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार उतरल्या तर इंजेक्शन पुढे ढकलतात. तो निर्णय डॉक्टरांचा, घरच्यांनी घाबरून परस्पर घ्यायचा नाही.

वारकरी घरात खरी अडचण एकादशीची. दिवे घाट बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. मी पुण्याहून सासवडच्या वाटेवर असतो आणि घरी अण्णा उपास धरून बसलेले असतात. त्या दिवशी डेक्सामेथासोन असेल तर पंचाईत. गोळी 4 मिलिग्रॅमची, एका वेळी 20 मिलिग्रॅम म्हणजे पाच गोळ्या. उपाशीपोटी घेतल्या की पोटात आग पडते, साखर तर एरवीही वर जाते आणि उशिरा घेतल्या तर रात्रभर डोळा लागत नाही. म्हणून सकाळी खाऊनच. वाद घालून म्हातारं माणूस उपास सोडत नाही. इंजेक्शन आणि गोळ्यांचा दिवस एकाने सरकवता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं. उपास भगर-राजगिऱ्यावर करावा, साबुदाण्याने साखर चढते. निर्जळी मात्र बंद. मायलोमात तयार होणारं प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचतं, म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पोटात जायलाच हवं. आईने सकाळी दोन बाटल्या भरून ठेवायच्या आणि रात्री रिकाम्या पाहायच्या, एवढं साधं ठेवलं तरच ते होतं.

फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदावर तीनच गोष्टी आहेत. ताप 100.4 फॅरेनहाइटला पोचला की आधी डॉक्टरांना फोन आणि तासाभरात रुग्णालय, पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही. डेक्सामेथासोनमुळे ताप झाकलाही जातो, म्हणून नुसती हुडहुडी भरली किंवा धाप लागली तरी हाच नियम. दुसरी, पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लुळे वाटले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण मणक्याजवळच्या गाठीने मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. तिसरी, बरळणं, खूप तहान आणि बद्धकोष्ठ एकत्र दिसलं तर रक्तातलं कॅल्शियम तपासायचं.

वाटेवर गुडघे बोलायला लागतात आणि डायक्लोफिनॅकची पट्टी सगळ्यांच्या पिशवीत असते. माझ्याही. ती घरी परत न्यायची नाही. मायलोमाच्या माणसाने कंबर दुखते म्हणून तीच गोळी घेतली तर मूत्रपिंड बसू शकतं.

समाजआरती झाली, पंगत उठली, की राहुटीत लोक मायेने चौकशी करतात. कोणी गुळवेल सांगतं, कोणी गव्हांकुराचा रस. माउली म्हणून हात जोडावेत आणि औषध घरी नेऊ नये. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी केल्या आहेत, आणि हिरवा चहा बोर्टेझोमिबचा परिणाम कमी करतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

“किती दिवस?” हा प्रश्न चालताना सुटत नाही. हरिपाठ म्हणता म्हणताही तो मध्येच उभा राहतो. डॉक्टर आकडा देत नाहीत, कारण तो रक्तातले अल्ब्युमिन, बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन, एलडीएच, कर्करोगाच्या पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणी आणि मुख्य म्हणजे औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवर ठरतो. मी वेगळं विचारतो: पुढची तपासणी कधी, लाइट चेन (मायलोमाच्या प्रथिनाचे रक्तात मोजले जाणारे तुकडे) वाढल्या तर काय बदलणार, अण्णांना झेपलं नाही तर डोस कुठवर कमी करता येईल. याला उत्तर मिळतं. आणखी एक गोष्ट अण्णांनाच विचारायची, आणि निघण्याआधी: कुठवर उपचार हवेत? मला ते विचारणं घाटापेक्षा जड गेलं, पण त्यांचं उत्तर आईच्याही कानावर असणं गरजेचं होतं.

मध्येच परतायची वेळ आली तर ठिकाण महत्त्वाचं. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही स्टेशनं पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत, तिथून गाडी मिळते. लोणंदनंतर फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस या पट्ट्यात पालखीमार्गाची वाहतूक वळवलेली असते. तेव्हा तिथे बाहेरच्या रस्त्यावर कोण घ्यायला येईल, हे दिंडीचालकांना आधी सांगून ठेवावं. फोन पाण्यापासून जपावा. दिवसभर चालू ठेवायचा तर वेगळी पॉवर बँक लागते, तळावरच्या चार्जिंगला रांग असते.

पंढरपूरहून आल्यावर थेट अण्णांच्या पायाशी जाऊ नये. सर्दी, जुलाब, डोळे येणं यातलं काहीही सोबत आलेलं असू शकतं. अंघोळ, कपडे वेगळे, आणि काही लक्षण असेल तर ते जाईपर्यंत दुसऱ्या खोलीत, मास्क लावून. चंद्रभागेचं तीर्थ पोटात द्यायचं नाही, देवघरात ठेवावं. गोपाळकाल्याचा दह्या-लाह्यांचा प्रसाद नको, अनेक हात लागलेले असतात. चुरमुरे कढईत खमंग भाजून चिवडा केला की अण्णा आवडीने खातात. बुक्का नाकाजवळ न नेता कपाळी टिळ्यापुरता.

त्यांना दर्शन हवंच असेल तर यात्रा ओसरल्यावर, गर्दी नसलेल्या दिवशी, गाडीने न्यावं आणि मुखदर्शन घ्यावं. कॅप्सूलच्या सुट्टीचा आठवडा बघून दोन दिवस आधी रक्त तपासायचं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हजाराच्या खाली असतील तर जाणं पुढे ढकलायचं.